डॉक्टरांच्या पाखरीला सांगलीला नेलं

घोडी ट्रकमध्ये चढली आणि मी नारळ फोडला. एवढीच चूक झाली, पण तिनं आमचा तासभर खाल्ला.

दहिवडीबाहेर शेताच्या बांधाला ट्रकची पाठ लावली होती. पौषातली थंडी मी म्हणत होती. अर्धा तास मिनतवाऱ्या करून आमच्या डॉक्टरांची पाखरी आत घेतली होती. निघताना चाकापुढं नारळ नको का? मी तो आपटला मात्र, घोडी दचकून उलट्या पावली बांधावर! ट्रकवाल्या इमामभाईंनी मला एका शब्दानंही दुखवलं नाही. माझ्या हातातला दुसरा नारळ तेवढा काढून घेतला आणि केबिनमध्ये ठेवला. “ह्यो पोचल्यावर बगू,” म्हणाले.

इमामभाई जनावरांखेरीज दुसरा माल भरत नसत. शर्यतीचे बैल, वरातीच्या घोड्या, जत्रेच्या बाजारातली खोंडं. ट्रकमध्ये त्यांनी ओली वाळू पसरून वर कडबा अंथरला होता. दोन्ही अंगांना गवत भरलेली पोती बांधली होती, घोडी कलली तर लागू नये म्हणून.

ही पाखरी सतरा वर्षं डॉक्टरांना पाठीवर घेऊन माणदेशातल्या वाड्यावस्त्या हिंडली. दुष्काळात माणसं गाव सोडून गेली, तेव्हाही हे दोघं हिंडतच होते. मी तिला सवत म्हणायची, आणि तीही मला बघून कान मागं पाडायची. संध्याकाळी डॉक्टर घरात शिरले की मी दारातच ओरडायची, “आधी तो कोट काढा. तुमच्या घोडीचा वास मारतोय.” दुष्काळ सरून चार वर्षं झाली आणि त्यांनी दवाखाना बंद केला. मुलगा सांगलीला, त्याच्याकडंच राहायला जायचं ठरलं. ट्रकचा प्रवास म्हाताऱ्या पाखरीला झेपायचा नाही म्हणून त्यांनी ती ओळखीच्या मेंढपाळाकडं ठेवली आणि मागं वळून न बघता एसटीत बसले. मी घर आवरायला मागं राहिले.

नवव्या दिवशी मेंढपाळ दारात उभा. घोडीनं आठ दिवसांत कडब्याला तोंड लावलं नव्हतं. “बाई, झुरून मरंल ही,” म्हणाला. मला तिचं प्रेम नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण पाखरी गेली, असं पत्र सांगलीला लिहायचं म्हटलं तर माझा हात धजेना. डॉक्टरांना न कळवताच मी इमामभाईंना गाठलं.

त्यांची अट एकच. “म्हातारी हाय, बाई. वाटंत बसली तर पुना उठायची न्हाई. वळकीचं मानूस तोंडाम्होरं उभं पायजे.” मेंढपाळाला मेंढरं सोडून येता येईना. उरले मी. डॉक्टरांच्या अंगातलं कापडही त्यांनी मागितलं. तो कोट मीच डॉक्टरांना सांगलीला नेऊ दिला नव्हता, लोकांत शोभा नको म्हणून. आता पन्नाशीची मी लुगड्यावर तोच चढवून घोडीपुढं उभी राहिले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून वाटेतल्या देवांना हात जोडले.

या रस्त्यानं एसटीतून मी कितीदा तरी गेले असेन, पण तो दिवस निराळाच. ट्रक बैलगाडीच्या बेतानं चालला होता. फाळक्याच्या (ट्रकच्या मागच्या झडपेच्या) वरून बाभळींचे नुसते शेंडे मागं जात, फळ्यांच्या फटीतून ज्वारीची कणसं. जमीन दिसतच नव्हती, त्यामुळं आम्ही दोघी कशावरून चाललोय तेच कळेना. मायणीच्या तळ्याशी धुकं होतं. धुक्यात लांब पायांचे पांढरे-गुलाबी पक्षी उभे होते, आमच्यासारखेच, न बसता. पाखरीनं मान वळवून फटीतून पाहिलं. मीही पाहिलं. किती वेळ गेला कोण जाणे.

विट्याला चहा झाला. शेजारच्या शेतातून इमामभाईंनी हुरडा आणला (ज्वारीची कोवळी कणसं भाजून काढलेले दाणे). पाखरीनं माझ्या तळहातावरचे चार दाणे हुंगले आणि सोडून दिले. एका म्हाताऱ्यानं फळीतून डोकावून विचारलं, “घोडी इकायला चालला व्हय रं?”

“न्हाई, नांदायला,” इमामभाई म्हणाले.

पुढं ऊन अंगावर आलं आणि मला गुंगी चढली. मी घोडीशी बोलत सुटले. लग्नातलं जेवण, सासूबाईंची बोलणी, डॉक्टरांचं घोरणं. तिच्या मानेला कपाळ टेकून उभ्या उभ्या माझा डोळा लागला असावा.

जाग आली ती मान खाली सरकली म्हणून. तासगाव जवळ आलं होतं. पाखरीचे पुढचे गुडघे दुमडत होते. मी केबिन बडवलं. ट्रक थांबला. इमामभाई फळीवर चढून हलक्या आवाजात म्हणाले, “डाक्टर कसं हाका मारत व्हते? तसं बोला.”

मला ते पाठ होतं. सतरा वर्षं रोग्याकडं निघताना माझ्या दारातच ते घोडीला म्हणायचे. मला कधी इतक्या मायेनं म्हणाले नाहीत, म्हणून माझा जीव जळायचा. मी तिच्या कानाशी तोंड नेलं.

“चल गं पोरी, माणूस वाट बघतंय.”

कान उभे राहिले. मी पुन्हा म्हणाले. माणूस खरंच वाट बघत होतं, आणि ते मला आत्ता कळत होतं. पाखरी थरथरली. मग तिनं एकेक पाय सरळ केला.

सांगलीत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मुलाच्या घरापुढच्या मातीच्या ढिगाला ट्रक लावून फाळका पाडला. पाखरी खिंकाळली. डॉक्टर हातात पेपर घेऊन धावत बाहेर आले आणि जागीच थबकले.

“आणलीस?” एवढंच म्हणाले.

ते हाका मारत होते, पण घोडी हलेना. मी पुढं होऊन ढिगावर उतरले, तशी ती माझ्या पाठोपाठ आली. तिच्या मानेत तोंड खुपसून डॉक्टर लहान मुलासारखे रडले. मीही रडले. इमामभाईंनी नारळ काढून माझ्याकडं पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. “तो तुम्ही घरी न्या, कालवणात घाला,” मी म्हणाले. मी कोट काढायला लागले तर डॉक्टरांनी माझा हात धरला. “राहू दे तुझ्याकडंच.”

आठवड्यानं घरमालकाला किल्ल्या द्यायला मी एसटीनं दहिवडीला परत गेले. खिडकीची जागा मिळाली. शेतं, विहिरी, माणसं सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि तो रस्ता काही सापडत नव्हता. मायणीला तळं आलं. शेजारच्या बाईनं नाकाला पदर लावून विचारलं, “आवं, कसला वास म्हनायचा ह्यो?”

“आमच्या घोडीचा,” मी म्हणाले, आणि कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून घेतली.