रिकामा कॉल

बिबवेवाडीत पिठाची गिरणी आणि इस्त्रीवाला यांच्या मधोमध ‘आधार रुग्णसाहित्य’ नावाचं दुकान आहे. वरखाली होणारी कॉट, कमोडची खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून अंथरायची हवेची गादी, असं सगळं तिथे भाड्याने मिळतं. हे दुकान कोणी हौसेने शोधत नाही. घरात कोणी पडलं किंवा ऑपरेशन होऊन घरी यायला निघालं, की मगच शोधतात, आणि तेही घाईघाईत.

मालक सुदर्शन इंगोले. मूळचा यवतमाळकडचा, कारखान्यात नोकरीला म्हणून पुण्यात आला आणि कारखान्याने माणसं कमी केल्यावर या धंद्यात पडला. हाताचा मोठा सफाईदार. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कॉट चढवील आणि भिंतीला ओरखडा येऊ देणार नाही. पण बोलताना अडखळे. थोडंथोडकं नव्हे, शब्द ओठांशी यायचा आणि दारात म्हैस अडावी तसा अडून बसायचा. जिभेला हाड नसतं म्हणतात. सुदर्शनच्या जिभेला ते असावं. त्यातही स्वतःचं नाव सगळ्यांत अवघड. म्हणून दुकानाचं नाव ठेवताना त्याने ‘स’ टाळला आणि ‘आ’वरून ‘आधार’ ठेवलं. महिन्याभरात ‘आ’सुद्धा अडायला लागला. शिवाय आधार कार्डाला मोबाईल जोडून द्या म्हणणाऱ्यांचे फोन सुरू झाले, ते वेगळेच.

या दुखण्यावर त्याने लहानपणीच एक तोडगा काढला होता. ‘हो’ हा शब्द त्याला कधी अडत नसे. श्वास सोडावा तसा तो सहज बाहेर पडे. मग सुदर्शन सगळ्यालाच हो म्हणू लागला. न्हाव्याने विचारलं, एकदम बारीक करू? हो. खानावळीत शेजाऱ्याने कारलं मागवलं आणि वाढप्याने याच्याकडे पाहिलं, तुम्हालाही तेच? हो. कारलं त्याला मुळीच आवडत नाही. पण ‘नाही, मला वांग्याची भाजी द्या’ एवढं बोलण्यापेक्षा कारलं गिळणं सोपं होतं. असं किती कारलं त्या माणसाने आयुष्यात गिळलं असेल, देव जाणे.

लग्नाला मात्र तो मनापासून हो म्हणाला. नम्रता त्याच्याच भागातली, डी.एड. झालेली, आणि बोलण्यात कुणाला हार न जाणारी. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकले जात नाहीत, अशी म्हण आहे. इंगोल्यांच्या घरी नम्रता बोलायची आणि सुदर्शनचे गहू विकले जायचे. घरी ती वऱ्हाडीत बोले, पण फोन वाजला की सदाशिव पेठेत जन्मल्यासारखी. “अहो आजी, कॉट आमच्याकडे आहे, पण तुमचा जिना केवढा रुंद आहे ते आधी सांगा. कॉटला घडी पडते, जिन्याला पडत नाही.” लोकांना तिचा हा खाक्या आवडायचा. दुकान सुरू झाल्यापासून सुदर्शनने दुकानाचा फोन उचलला नव्हता, आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

अशात नम्रताला वारज्याच्या एका शाळेतून बोलावणं आलं. तिसरीच्या वर्गाला शिकवायचं, सकाळी जायचं ते तीनला सुटायचं. कितीतरी वर्षं ती अर्ज करत होती. बातमी सांगताना तिचा चेहरा असा उजळला, की सुदर्शनने हो म्हटलं आणि या खेपेला ते पोटातून म्हटलं. मग दोघांची नजर एकदमच टेबलावरच्या फोनवर गेली. फोन कोण उचलणार? पगारी माणूस ठेवण्याएवढा धंदा मोठा नव्हता.

“मशीन लावा न,” नम्रता म्हणाली. “आता क्लाउड फोन का काय म्हणतात ते असते. फोन आला का तेच बोलते, तेच निरोप घेते, अन् तुमच्या मोबाईलवर लिहून पाठवते. तुम्ही फक्त मेसेज वाचाचा अन् मेसेज कराचा. काहून घाबरता एवढे?”

बिनबोलण्याचा फोन! सुदर्शनला हे फार पसंत पडलं. पण गंमत अशी, की हे यंत्र विकणाऱ्या कंपन्यांना आधी फोन करावा लागतो. नम्रता म्हणाली, मी करते. पण ज्या यंत्राच्या भरवशावर तिला नोकरीवर पाठवायचं, ते तरी आपण पारखून घ्यावं असं त्याला वाटलं. दुकानाचं शटर अर्धं ओढून तो फोन घेऊन बसला.

पहिल्या कंपनीत यंत्रच बोललं. “आपली अडचण थोडक्यात बोलून सांगा.” त्याची अडचण थोडक्यात सांगण्याजोगी असती तर फोन कशाला केला असता! तो ‘म’वर अडला असतानाच यंत्राने माफी मागून फोन ठेवला. दुसरीकडे एक मुलगी होती. “हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये सर, नेटवर्क इश्यू आहे,” असं म्हणून तिनेही ठेवला. नेटवर्कवर असे आळ सुदर्शनने आयुष्यभर ऐकले होते. तिसऱ्या कंपनीत शुभंकर नावाचा तरुण होता. सुदर्शन नेहमीप्रमाणे अडला. पलीकडून हॅलो आलं नाही, खाकरणं आलं नाही. थोड्या वेळाने शांतपणे एवढंच आलं, “सर, मी लाईनवर आहे. सावकाश.”

सुदर्शनने फोन निवडला तो एवढ्यावर. किती लायनी, किती साठवण, कसला प्लॅन, काही विचारलं नाही. पुण्यात पंखा घेतानाही लोक दुकानदाराची तोंडी परीक्षा घेतात. पण हा माणूस त्या एका ‘सावकाश’वर विकला गेला.

शुभंकर दुकानात येऊन सगळं जोडून गेला. त्याचं काम झटपट आणि प्रश्न त्याहून झटपट होते. “सर, निरोपाची भाषा मराठी ठेवू? वहिनींच्या आवाजात रेकॉर्ड करू? समोरचा बोललाच नाही तर चार सेकंदांत कॉल कट करू ना? नाहीतर नुसते स्पॅम कॉल भरतात. अशा रिकाम्या कॉलची वेगळी यादी बनते, ती बघायचीही गरज नसते.” सुदर्शन प्रत्येकाला हो म्हणाला. सवयच ती. आपण नेमकं कशाला हो म्हटलं, हे त्याच्या तेव्हा लक्षात आलं नाही.

नम्रताने निरोप झोकात भरला. “नमस्कार, हे आधार रुग्णसाहित्य. आधार कार्डासाठी फोन केला असल्यास कृपया ठेवावा. इतरांनी बीप ऐकल्यावर नाव, पत्ता आणि काय हवं ते सांगावं.” आणि ती शाळेत जाऊ लागली.

यंत्र इमानदार होतं, पण त्याचे कान थोडे कच्चे होते. पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर आलं, ‘आईसाठी कमळाची खुर्ची हवी आहे.’ सुदर्शन बराच वेळ विचारात पडला, मग त्याला कमोड आठवला. त्यावर नवराबायको पोटभर हसले. पण हसू फार टिकलं नाही. ज्याचे वडील दवाखान्याच्या दारात रिक्षात बसवले आहेत, तो बीपची वाट पाहत नाही. तो दुसऱ्या दुकानाला फोन लावतो. दुकानातल्या कॉट दुकानातच राहू लागल्या. त्या पुसण्यात सुदर्शनची दुपार जाऊ लागली.

एका संध्याकाळी नम्रता कणीक मळता मळता म्हणाली, “मी शाळेत सांगून टाकते, महिनाअखेर सोडते म्हणून. पोरं गोड आहेत हो, पण दुकान बसलं तर का उपयोग?”

सुदर्शनला ‘नाही’ म्हणायचं होतं. इतकं मनापासून त्याला कधीच काही म्हणायचं नव्हतं. पण ‘न’ तिथेच अडला. नम्रता थांबली, नेहमी थांबायची तशी. मग कुकरची शिट्टी झाली, ती उठली, आणि त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ हो असाच झाला. त्या रात्रीचं जेवण त्याला कारल्यासारखं लागलं, भाजी वांग्याची असूनसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुकानात काम नव्हतं. बसल्या बसल्या त्याने मोबाईलवरची ती रिकाम्या कॉलची यादी उघडली. एकाच नंबरावरून सकाळपासून तीन कॉल होते. त्याने पहिला ऐकला. नम्रताचा निरोप, बीप, मग कुणाचा तरी श्वास, आणि “क... क...” तेवढ्यात चार सेकंद संपले.

शाळेत पोरं अशीच नक्कल करायची. या वयात, दुकानाच्या फोनवर कोणी टवाळी करावी! रागातच त्याने दुसरा लावला. तेच. तिसऱ्यात मात्र “क...” नंतर वॉकरचा पाय फरशीवर आपटल्याचा आवाज आला, आणि एक बारीक, वैतागलेलं “शी!”

सुदर्शनचा राग जागच्या जागी विरला. नक्कल करणारा कधी स्वतःवर चिडत नाही. ते ‘शी’ त्याच्या रोजच्या ओळखीचं होतं.

त्याने तो नंबर दुकानाच्या वहीत शोधला. रंगनाथ परांजपे, नारायण पेठ. गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका येऊन त्यांची वाचा जवळजवळ गेली होती, आणि त्यांना वॉकर पोचवायला सुदर्शनच गेला होता. रंगनाथराव खुर्चीत गप्प बसून होते आणि त्यांच्या पत्नी गोदाबाईच दोघांच्या वाटचं बोलत होत्या. “वॉकर ठेवा तिकडे. कॉफी घ्या. नको म्हणू नका, टाकलीय.” नको म्हणायचा प्रश्नच नव्हता. त्या घरातलं बोलणं सगळं गोदाबाईंकडे होतं, जसं याच्या घरातलं नम्रताकडे. मग आज फोनवर रंगनाथराव स्वतः कसे? गोदाबाई कुठे गेल्या?

प्रश्न मनात आला आणि सुदर्शनला शुभंकरचे ते चार सेकंद आठवले. आपण ज्या यंत्राला हो म्हटलं, त्याने त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर तीनदा दार लावलं होतं. ज्याने थांबणारा माणूस बघून फोन निवडला, त्याच्याच फोनला थांबता येत नव्हतं. मेसेज टाकावा का? पण रंगनाथरावांचा फोन जुना, मेसेज ते कुठून पाहणार! त्याने नंबर दाबला. घंटी वाजली आणि फोन उचलला गेला.

इकडे हा अडलेला, तिकडे ते. नारायण पेठ आणि बिबवेवाडी यांच्यामध्ये नुसता श्वास ये-जा करत होता. शेवटी सुदर्शनने डोळे मिटले.

“ब... ब... बोला.”

“क...” पलीकडून आलं. “क...”

कॉट. शब्द कॉट आहे, हे सुदर्शनला कळलं होतं. त्याने तो उच्चारला असता तर काम तिथेच झालं असतं. पण आयुष्यभर लोकांनी घाईघाईने त्याचे शब्द त्याच्या तोंडातून ओढून पुरे केले होते, आणि प्रत्येक वेळी त्याला आपल्या हातातली वस्तू कोणी हिसकावून घेतल्यासारखं वाटलं होतं. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. गिरणी घरघरत होती. इस्त्रीवाल्याकडे कोणीतरी शर्टावरून भांडत होतं.

“कॉट,” रंगनाथराव म्हणाले. आणि ते एकदा सुटल्यावर, अडत, थांबत, पुढचंही आलं. गोदाबाई न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आज संध्याकाळी घरी आणणार.

“आ... आणतो,” सुदर्शन म्हणाला.

संध्याकाळी गोदाबाईंना स्ट्रेचरवरून आत घेतलं तेव्हा कॉट लावून, गादी अंथरून, उशाकडची बाजू हव्या तेवढ्या उंचीवर करून ठेवली होती. त्यांनी पडल्या पडल्या सगळ्यावर नजर फिरवली. “यांनी फोन केला?” त्यांनी विचारलं. “स्वतः? आणि तुम्ही ऐकून घेतलंत?” सुदर्शनने मान हलवली. गोदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाल्या, “कॉट जरा खिडकीकडे घ्या. सगळं काय मीच सांगायचं?” रंगनाथराव वॉकरला धरून उभे होते. त्यांनी सुदर्शनचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

तिथून खाली उतरून टेम्पोत बसल्या बसल्याच त्याने शुभंकरला फोन लावला आणि ‘चा... चार सेकंद’ एवढं सांगितलं.

“चार सेकंदांचं बदलायचंय का सर? दहा करू?”

“ना...” सुदर्शन अडला. शुभंकर थांबला. “नाही. क... कट नको. कुणाचाच नको. आणि घंटी आधी मा... माझ्याकडे. मी नसलो तरच म... मशीन.”

इतकं लांब वाक्य फोनवर तो पहिल्यांदाच बोलला होता. त्याला दरदरून घाम फुटला होता आणि हसूही येत होतं. घरी त्याने नम्रताला एक कॉट गेली एवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत नम्रताने दुकानाचा नंबर लावला. मशीन नीट चाललंय ना, हे ती रोज तपासायची. आताही स्वतःच्याच आवाजातला तो ‘नमस्कार’ ऐकू येईल, असं तिने धरलं होतं. तो आला नाही. फोन उचलला गेला आणि शांतता पसरली. इकडे सुदर्शनने नाव पाहिलं होतं, आणि ‘ब’ नेहमीसारखाच आडवा आला होता. पलीकडे पोरांचा गलका ऐकू येत होता. नम्रताने हॅलो म्हटलं नाही.

“ब... बोला,” सुदर्शन म्हणाला. “आ... आधार रुग्णसाहित्य.”

मग त्याने ते म्हटलं, जे त्या संध्याकाळी कुकरच्या शिट्टीत राहून गेलं होतं. “ना... नाही सोडायची. शाळा.”

आयुष्यात कधी शब्दाला न अडलेली नम्रता काहीतरी बोलायला गेली, आणि अडली. पुन्हा बोलायला गेली, पुन्हा अडली.

“सावकाश,” सुदर्शन म्हणाला. “मी आहे.”