हुतुतूची वहिवाट

मी मुळातच भित्री. माहेरी साताऱ्याकडे असताना पालीला भ्यायचे, लग्न होऊन मुंबईजवळच्या गास गावी आले तेव्हा खाडीच्या भरतीला भ्यायला लागले, आणि पोरगी झाल्यावर तर माझ्या भिण्याला काही धरबंधच उरला नाही. सासूबाई म्हणायच्या, देवाने हिच्या छातीत ससा ठेवलाय. पण ज्या तीन आठवड्यांबद्दल मी लिहिते आहे, त्यांत भ्यायला खरंच कारण होतं.

नव्वद साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. आमच्या घरामागे भातखाचरांना लागून एक मोकळं मैदान होतं आणि तिथे गावचं कबड्डी मंडळ. मंडळ म्हणजे पत्र्याची एक खोली. आत जिंकलेल्या ढाली, आणि ढालींच्या मागे लग्नाची मोठी पातेली, सतरंज्या, तिरडीचे बांबू. कुणाच्या घरी बारसं असो, मयत असो, कुणाला रक्त लागो, आधी मंडळात निरोप जायचा. रविवारी सामने व्हायचे. इतर दिवशी त्या मैदानावर कुणाचा मांडव पडायचा, कुणाचं भात वाळत पडायचं, नाहीतर कुणीतरी स्कूटर शिकताना स्वतःच पडायचं. माझे यजमान मंडळाचे चिटणीस होते. अक्षर चांगलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

आजूबाजूची खाचरं एकेक करून विकली गेली होती. ज्याने घेतली त्याने मैदानावरही हक्क सांगितला. जागा पडीक आहे, ती आमच्या खरेदीत येते, असं त्याचं म्हणणं. आमच्या वकिलांनी कागद पाहिले आणि सांगितलं की तलाठी जागेची पाहणी करायला येईल, कधी ते सांगता येत नाही. त्याला जे दिसेल ते तो लिहील. मैदान ओस दिसलं तर पडीक. म्हणून वहिवाट तुटू देऊ नका, वर्षानुवर्षांचा वापर आहे हे डोळ्यांना दिसलं पाहिजे, रोज खेळा.

रोज खेळा म्हणणं सोपं. खेळणारे सगळे सकाळी कामाला मुंबईला जायचे ते दिवेलागणीनंतर परत यायचे. चार दिवसांत सगळ्यांच्या रजा संपल्या. मग आमच्या ओटीवर बैठक झाली आणि त्या बैठकीत गावच्या बायकांचा संघ जन्माला आला. कुणाच्या हौसेपोटी नव्हे, दुपारी गावात दुसरं कुणी नव्हतं म्हणून. मी शाळेत खेळलेली होते, तेव्हा गळ्यात कर्णधारपद पडलं. रोज तीन वाजता आम्ही फक्कीने पांढऱ्या रेघा मारायचो, पदर खोचायचो आणि एकमेकींच्या अंगावर जायचो. पहिले दोन दिवस आम्ही खेळलो कमी आणि हसलो जास्त. सासूबाई कडेला छत्री घेऊन वाल सोलत बसायच्या. घरच्या सुनेने भर दुपारी तंगड्या फाकवून पळावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं, पण पाहायला मात्र रोज यायच्या.

तिसऱ्या दिवशी मैदानाच्या कडेला चिंचेखाली एक जीप येऊन थांबली. आत दोन माणसं. ती काही बोलायची नाहीत, उतरायची नाहीत, नुसती बघत बसायची. हसणं त्या दिवसापासून बंद झालं. दुसऱ्या आठवड्यात चौदाच्या नऊ झालो, मग सात. कुणाची सासू आजारी, कुणाच्या घरी पाहुणे. मला सगळ्यांची कारणं कळत होती, कारण तीच कारणं मीही रोज जुळवत होते. पण चिटणिसाची बायकोच घरी बसली तर उद्या मैदानावर कुणी येणार नाही, हेही कळत होतं.

मग एक दिवस जीपमधला एकजण उतरला. मी नळावर तोंड धूत होते. माणूस नीटनेटका, इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी शेजाऱ्यासारखा.

"वहिनी, तुमची छोटी साडेचारला सुटते ना शाळेतून? तिला चालत पाठवत जाऊ नका. रस्त्याला गाड्या फार झाल्यात."

एवढंच बोलून तो परत जीपमध्ये जाऊन बसला. माझी पाचावर धारण बसली. पोरगी दुसरीत होती, शेजारच्या मुलींबरोबर चालत यायची. यजमानांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते एकतर भांडायला गेले असते, नाहीतर त्यांनी चिटणीसपद सोडलं असतं, आणि मला दोन्हीची भीती वाटत होती. फक्त सासूबाईंना सांगितलं. त्यांनी वालाची टोपली बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पोरीला आणायला शेजारणीला पाठवू लागलो.

तिसऱ्या आठवड्यातला गुरुवार होता. शेजारीण तापाने पडली होती आणि मैदानावर आम्ही चौघीच होतो. मी ठरवलं होतं की चारला निघायचं. पण चार वाजायच्या आधीच जीप सुरू झाली, वळली आणि शाळेच्या रस्त्याला लागली. पुढचं मला नीट आठवत नाही. मी पळत सुटले, एवढं खरं. चप्पल मैदानातच राहिली. आपल्या मागे मैदानावर कोण उरलं, तलाठी आला तर काय होईल, यातलं काहीही माझ्या डोक्यात आलं नाही.

शाळेच्या फाटकाशी जीप नव्हती. कुणीही नव्हतं. शाळा सुटायला अजून अवकाश होता, शिपाई तंबाखू मळत बसला होता. मी पोरीला वर्गातून उठवून आणलं, रिक्षा केली आणि परतीच्या वाटेवर माझ्या लक्षात आलं की आपल्याला दुसरीकडे असायला हवं होतं.

जीप मैदानावर होती, बरोबर मधल्या रेघेवर. तलाठी निघाल्याचं त्यांना आधीच कळलं होतं आणि त्याला गाठायला ते शाळेच्याच रस्त्यावरच्या नाक्यावर जाऊन परत आले होते. तलाठी आपल्या स्कूटरशेजारी कागद घेऊन उभा होता. उरलेल्या तिघी आमच्या घराच्या कुंपणाला चिकटल्या होत्या. आणि सासूबाई, साठी उलटलेल्या, गुडघे धरलेल्या, लुगड्याचा काष्टा घट्ट मारून जीपला वळसा घालत त्या तिघींच्या दिशेने चालल्या होत्या. दोन्ही हात पसरलेले, आणि तोंडाने एका दमात हुतुतूतूतू.

इस्त्रीच्या शर्टवाला हसून तलाठ्याला म्हणाला की साहेब, हे नाटक तीन आठवड्यांचं आहे, कबड्डी खेळायला आत्ता शिकल्यात. सासूबाई थांबल्या. त्यांना धाप लागली होती.

"कबड्डी तुमची," त्या तलाठ्याला म्हणाल्या. "मी लग्न करून आयली तवा याला हुतुतू बोलत. माजा सासरा हय खेलायचा. त्याचा पाय हय मोडला, त्या चिंचेखाली. इचारा गावात कोनाला पन."

तलाठ्याने चष्मा वर केला, चिंचेकडे पाहिलं, आणि जीप रेघेवरून काढायला सांगितलं. मग तो लिहू लागला. पुढे अहवालात आलं, हुतुतूचे मैदान, जुनी वहिवाट. जीप आणखी महिनाभर चिंचेखाली दिसली आणि मग दिसेनाशी झाली. मंडळाने सासूबाईंना शाल-नारळ दिला आणि पोरांनी त्यांना आजी कर्णधार म्हणून चिडवून हैराण केलं.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा सासूबाई पडवीत बसल्या. मी पाणी दिलं तर तांब्या त्यांच्या हातात राहीना, एवढे हात कापत होते. त्यांच्या छातीतही ससा होता तर, हे मला तेव्हा कळलं. मी ज्या माणसांना भिऊन पळाले, त्यांच्याच पुढ्यात मी या म्हातारीला सोडून गेले होते.

त्यांनी मला त्याबद्दल काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "शालेजवल कोन होता का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. पण शरम आड आली.

"होते," मी म्हटलं. "दोघं होते."

"मग बरा केलास तू," त्या म्हणाल्या.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या साडेचारच्या आधी छत्री घेऊन शाळेच्या फाटकाशी जाऊन बसू लागल्या. येताना दोन ठिकाणी थांबायच्या, गुडघे चोळायच्या, पुन्हा चालायच्या. यजमान म्हणायचे की आता जीप गेली, आई, कशाला दमतेस. तर त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, तुला नाय ठाव, आमाला दोघींना ठाव हाय. पोरगी चौथी पास होईपर्यंत त्यांनी एक दिवस चुकवला नाही, आणि मी त्यांना खरं सांगितलं नाही.