गुणाजीने घासलेल्या चाळी

पहाटे साडेचारला गुणाजी परब उठायचा. संपात गिरणी बंद पडली, पण तिथल्या सुतारखात्यात हाडीमासी मुरलेली सवय सुटली नाही. चहा ढोसून तो वाकोल्याहून चालत पार्ल्याला निघायचा, विद्याधर आर्किटेक्टच्या ऑफिसात. तिथे तो इमारतींची लाकडी मॉडेलं बनवी. रोजंदारीवर. काम असलं तर बोलावणं, नाहीतर घरी.

पंच्याऐंशी साली चकाल्याचं काम आलं. रंगाचा कारखाना बंद पडून जागा ओसाड झाली होती. शेजारची दुकानंही माना टाकत होती. तिथे बारा मजली ऑफिस उभं करायचं होतं, आणि तेही असं, की वस्तीत पुन्हा जान यावी. साहेबांनी तळमजल्याच्या मधोमध मोकळी वाट ठेवली होती, चाळींतून थेट बाजारात जाणारी. जागेचे शेठ शनिवारी मॉडेल बघायला येणार होते.

"हे पास झालं ना गुणाजी, तर तुम्हाला महिन्याच्या पगारावर घेतो," साहेब म्हणाले.

मग काय! गुणाजीने जीव ओतला. बिल्डिंग तासली, घासली, चोख बसवली. सभोवतालच्या चाळी तर अशा सजवल्या, की विचारू नका. हिरवे कठडे, दोरीवर लुगडी, गच्चीवर पापड.

शुक्रवारी सकाळी साहेब आणि त्यांची मदतनीस शुभा बघायला आले.

"अय्या, पापड!" शुभा वाकली.

साहेबही वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग ताठ झाले.

"वाट लागली, गुणाजी. मीसुद्धा चाळच बघत बसलोय. शेठ बिल्डिंग कधी बघणार?"

गुणाजीचं तोंड उतरलं. दुपारी बायको वनमाला डबा घेऊन आली, तर हा मॉडेलसमोर बसलेला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चाळ कोणाक म्हायत नाय?" ती म्हणाली. "त्यांका बिल्डिंग बघूची आसा. जेवा आधी."

तो जेवला. हात धुतले आणि पॉलिश पेपर उचलला. कठडे गेले, लुगडी गेली, पापड गेले. संध्याकाळपर्यंत चाळी कोऱ्या लाकडाच्या झाल्या. रंग उरला फक्त बिल्डिंगला आणि तिच्या पोटातून जाणाऱ्या वाटेला. मनगट सुजलं. पण कामात कसर नव्हती.

शनिवारी शेठ आले. त्यांचं बोट सरळ त्या वाटेवर गेलं.

"ये रास्ता खुला रहेगा?"

"कायम," साहेब म्हणाले.

"फिर तो दुकानें भी चलेंगी. बनाओ."

शुभाने टाळी वाजवली. "झकास, गुणाजीकाका!"

पुढल्या पहिल्या तारखेला पगार झाला, आणि मग दर पहिलीला होत राहिला. दोन वर्षांनी त्या पगारातून वाकोल्याच्या खोलीत सागवानी पोटमाळा चढला. रविवारी वनमाला शिडीवरून वर गेली, चहा वरच मागवला, आणि दिवेलागणीपर्यंत काही केल्या खाली उतरेना.