खलबत्त्यासाठी आंबिवलीपर्यंत

डोंबिवलीहून निघालो तेव्हा माझ्या पिशवीत भाजलेले शेंगदाणे, लसणाचा गड्डा आणि चार सुक्या मिरच्या होत्या. हा प्रवासातला फराळ नव्हता. खलबत्ता कुटून बघितल्याशिवाय घ्यायचा नसतो, असं माझ्या सासऱ्यांचं म्हणणं होतं.

त्यांना आम्ही दादा म्हणतो. वय ब्याऐंशी. सासूबाई गेल्यावर साताऱ्याकडचं घर आवरून ते आमच्याकडे राहायला आले. त्या आवराआवरीत सासूबाईंचा खलबत्ता कोणी नेला, ते कळलंच नाही. इथे आल्यापासून त्यांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं होतं. मिक्सरमधली चटणी ते बोटाने बाजूला सारत आणि म्हणत, "हे पीठ आहे." शेवटी माझी बायको वैशाली मला म्हणाली, "अहो, तुम्ही रिटायरच आहात ना? त्यांना घेऊन जा आणि हवा तसला खलबत्ता आणा. किती बारीक झालेत ते, दिसतंय ना?"

दिसत होतं. म्हणून निघालो.

पहिला मुक्काम ठाणे. टेंभी नाक्यापासून चालत पाच मिनिटांवर भांड्यांचं एक दुकान सापडलं. मालकाने चकचकीत पितळी खलबत्ता पुढे ठेवला. "काका, एकदम क्यूट पीस. फ्लॅटसाठी बेस्ट!"

दादांनी मला खूण केली. मी मूठभर दाणे टाकले आणि बत्ता हाणला. एक दाणा मालकाच्या चष्म्यावर आपटला, दोन लक्ष्मीच्या तसबिरीला लागले आणि बरेचसे त्याच्या चहात पडले.

"हा वेलदोड्याचा आहे," दादा शांतपणे म्हणाले.

"चटणी आता मिक्सरला करतात, काका," मालक चष्मा पुसत म्हणाला.

दादांनी पाठ फिरवली. मी दाणे वेचून मग त्यांच्यामागे गेलो.

मोठा घेतला की दाणे उडणार नाहीत, एवढं शहाणपण घेऊन दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याण गाठलं. बाजारात काळ्या दगडाचा एक खल दिसला. त्यात लहान मूल सहज अंघोळीला बसलं असतं. बत्ता मी दोन्ही हातांनी उचलला. तो खाली आला तेव्हा दुकानातली झाकणं वाजली आणि माझ्या कमरेतूनही एक आवाज आला. दाण्यांचा मात्र सुरेख कूट झाला.

"असाच होता तिचा," दादा म्हणाले. बऱ्याच दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता. मी कंबर धरून रिक्षा बोलावली.

रिक्षावाल्याने आधी खल पाहिला, मग मला. "काका, हा रिक्षात नाय बसणार. रिक्षा याच्यात बसेल."

दादांचा चेहरा पडला. ते बघून की काय, तो म्हणाला, "आंबिवलीला स्टेशनबाहेर एक पाथरवट बाई (दगड घडवणारी) बसते. आमच्या घरचा पाटा तिच्याकडचाच. चला, सोडतो." तो खल दुकानातच ठेवून आम्ही निघालो.

आंबिवलीला चिंचेखाली निळ्या ताडपत्रीवर पाटे, वरवंटे आणि खल मांडले होते. बाई छिन्नीने एका पाट्याला टाकी लावत (तो खरखरीत करत) होती. मान वर न करता तिने विचारलं, "घरात मानसं किती?"

"तीन."

"ती खानारी. कुटनार कोन?"

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिंचेकडे पाहिलं. मग दादा हात फैलावून म्हणाले, "एवढा पाहिजे. माझ्या मंडळींचा एवढा होता."

"त्या हायेत का घरी?"

"नाही. गेली."

बाईने छिन्नी खाली ठेवली. "बाबा, तो त्यांच्या हाताचा व्हता. तुम्हाला तो काय करायचा?"

"मी जन्मात कधी कुटलं नाही," दादा कबुली दिल्यासारखं म्हणाले.

"मंग आता कुटा की! कुनी आडवलंय?"

तिने त्यांचा हात ओढला आणि त्यात एकेक बत्ता ठेवून पाहिला. पहिल्याने मनगट वाकलं. दुसरा बोटांतून सुटला. तिसऱ्याभोवती मूठ नीट मिटली. "उचलताना जोर नको. पडताना आपल्या वजनानं पडला पायजे. आन खल असा, की दाना भायेर नाय येनार नि तुमची मूठ काठाला नाय घासनार."

दादा ताडपत्रीच्या कडेला बसले आणि मी पिशवीतले दाणे, लसूण, मिरच्या असं सगळं खलात टाकलं. पहिला घाव खलाच्या काठावर पडला. दुसरा आत. नंतर ते बराच वेळ मान वर करेनात. मग चिमूटभर चटणी त्यांनी बाईच्या तळहातावर ठेवली.

"मीठ नाय," ती म्हणाली.

मी सगळं घेतलं होतं, मीठ विसरलो होतो.

"चार-पाचदा तांदूळ कुटून टाका," आम्ही खलबत्ता घेऊन निघताना तिने बजावलं. "आत्ता दाताखाली आली ती दगडाची कच निघंल. तांदूळ पांढराच ऱ्हायला, की मंग चटनी."

दोन दिवस दादा खलाखाली सतरंजी घालून तांदूळ कुटत होते. तिसऱ्या दिवशी चटणी झाली. लसूण अर्धवट, मीठ दुप्पट. वैशालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीमुळे, असं ती म्हणाली. दादांनी दीड भाकरी खाल्ली.

लहान की मोठा, एवढंच बघत मी ठाणं, कल्याण पालथं घातलं होतं. आंबिवलीच्या बाईला माप एका हातावरून कळलं.

जेवण झाल्यावर मी उत्साहाने दुसऱ्या घाण्यासाठी बत्ता उचलला. दादांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"राहू द्या, जावईबापू. हा तुमच्या हाताचा नाही."