दिसलास, जा आता

एक डोळा मिटायचा, दुसऱ्याला लाकडी बॉबीन लावायची आणि रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, "जरा हुबा ऱ्हा रं." वडगावात आमच्या गल्लीतून गेलेल्या कुणालाच आप्पांची ही हाक चुकली नसेल.

आप्पा कापड विणायच्या मागावर सूत गुंडाळायला लागणाऱ्या बॉबिनी करायचे. लाकडाचा तुकडा लेथवर फिरता ठेवून निम्मं भोक एका बाजूनं पाडायचं, मग तुकडा उलटा करून निम्मं दुसऱ्या बाजूनं. मधोमध दोन्ही भोकं एकमेकांना मिळाली पाहिजेत. ती मिळाली का, हे आरपार बघून कळतं, आणि बघायला आप्पांना माणूसच लागायचा. समोरची भिंत का चालत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "भित्त काय, कशीबी दिसती."

माणूस पुरा दिसला की सुटका व्हायची, "दिसलास. जा आता." तोवर हलायची सोय नाही. दुधाची किटली घेऊन मी उभा राहिलोय, ऑफिसला उशीर होत असताना उभा राहिलोय. एकदा तर वरातीतल्या नवरदेवाला त्यांनी घोड्यासकट थांबवलं. बँडवाले गप्प. घोडा काही स्थिर राहीना आणि आप्पा काही डोळ्याची बॉबीन काढेनात.

मग भोकं वाकडी यायला लागली. म्हणजे आप्पांच्या मते. आधी लाकूड वाईट निघालं, मग ड्रिल, मग करंट. शेवटी म्हणाले, गल्लीतली माणसंच हल्ली अंधूक झाल्यात. मोतीबिंदू आहे हे अख्ख्या गल्लीला कळलं होतं. पण ऑपरेशनचं नाव काढलं की जन्मभर भोकं पाडलेला हा गडी लटपटायचा. "डोळ्याला भोक पाडत्यात म्हणं. आन् वाकडं गेलं तर?" त्यांची बायको, आमच्या काकू, समजावून समजावून थकल्या. कामही सुटणार आणि डोळेही जाणार, हीच धास्ती काकूंना होती.

एका सकाळी रस्त्यात काकूच जाऊन उभ्या राहिल्या. आप्पांनी बॉबीन लावली, काढली, परत लावली आणि मला विचारलं, "कोण बाई रं ती? मगाधरनं हुबी हाय. घरात कामं न्हाईत काय तिला?"

एरवी एकाला दोन ऐकवणाऱ्या काकू पायरीवर बसल्या आणि पदर डोळ्याला लावला. हुंदक्यावरनं आप्पांनी ओळखलं. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं.

पुन्हा कामाला लागल्यावर पहिली बॉबीन केली आणि काकूंनाच समोर उभं केलं. आप्पा बघतायत, आपले बघतच राहिलेत. काकू उन्हात घामाघूम.

"आवो, झालं काय?"

"थांब जरा. भोक वाकडं हाय."

मी नंतर ती बॉबीन हातात घेऊन बघितली. भोक सरळसोट होतं. लबाड म्हातारा!

गेल्या वर्षी आप्पा गेले. लेथच्या खोलीला कुलूप आहे. तरी ऑफिसला जाताना माझी गाडी तिथं थांबतेच. सवय, दुसरं काय. परवा अशीच घाई होती आणि तसाच पाय टेकून थांबलो. पायरीवर काकू बसल्या होत्या. हातात काही नव्हतं. त्यांनी एक डोळा मिटला आणि माझ्याकडं नीट बघितलं.

"दिसलास," म्हणाल्या. "जा आता."