आईच्या तोंडी कोथिंबीर

माझ्या कथेतली आई मरताना पुण्याची मराठी बोलली. चूक सर्वस्वी माझी.

खरी आई वडनेरला आमच्या घरी सकाळीच वारली, तेव्हा मी हिंगणघाटच्या बाजारात सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर, विकत होतो. माल संपल्यावरही लगेच निघालो नाही. पोहे खाल्ले, वर आणखी तर्री मागून घेतली. घरी पोचलो तर अंगणात माणसं जमलेली. ती माझी वाट पाहत गेली असणार, हे मी मनात धरून बसलो. वडिलांना विचारायची हिंमत दीड वर्ष झाली नाही. त्यापेक्षा कथा लिहिणं सोपं, असं मला वाटलं. मला बऱ्याच गोष्टी अशाच सोप्या वाटतात.

कथेत मी मुलाला वेळेवर पोचवलं. तो धापा टाकत येतो, आई त्याचा हात धरते. "आलास बाळा? कोथिंबीर तशीच टाकून आलास? तुझीच वाट पाहत होते रे." लिहिताना मी स्वतःच रडलो, आणि रडलो म्हणजे कथा उत्तम, असा निष्कर्षही काढला.

वडील वावरात सांबाराच्या जुड्या बांधत होते, तिथे जाऊन वाचून दाखवली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि ही बाई कोण म्हणून विचारलं. आई आहे, म्हटलं.

"तुही माय? तिनं जल्मात कोथिंबीर म्हटलं नाई. अन् तुही वाट पाहून राह्यली होती, हे कोनं सांगतलं तुले?"

मग काय म्हणाली होती, मी विचारलं. कथेसाठी पाहिजे, हे घाईघाईने जोडलं. तेवढं निमित्त नसतं तर तो प्रश्न माझ्या तोंडून निघाला नसता. वडिलांनी बांधलेली जुडी उगाच सोडली.

"मी तुले फोन लावून राह्यलो होतो. तिनं हात धरला माहा. म्हने, नका बलावू त्याले. सांबार इकू द्या आधी, सुकून जाईन."

ही मात्र तीच होती. दीड वर्षांनी मला तिचा आवाज ऐकू आला. आम्ही दोघंही मग जुड्या बांधत राहिलो.

कथा पुन्हा लिहिली. या वेळी मुलगा पोचत नाही. तो शांत, समजूतदार, आईचं मन ओळखणारा आहे. वडिलांनी तीही ऐकली. आईच्या वाक्याशी खांद्यावरच्या दुपट्ट्याने डोळे पुसले.

"माय आता बरोबर हाय," ते म्हणाले. "पन पोरगा लय शायना झाला. तुले वळखनारं कोनी खरं मानन काय हे?"