तीन गाड्यांची डॉक्टरीण

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तीन मोटारसायकली उभ्या असतात आणि तिन्ही माझ्या आहेत. नवरा शाळेत शिकवतो. तो रिक्षाने जातो, नाहीतर माझ्या मागे बसून, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. वाटायचं ते शेजाऱ्यांना. "वहिनी, एका माणसाला तीन गाड्या कशाला?" असं विचारताना 'बाईमाणसाला' हा शब्द ते गिळायचे, पण मला तो ऐकू यायचाच.

मी गुरांची डॉक्टर. राहते सोलापुरात, पण माझं बरंचसं काम मंगळवेढ्याच्या बाजूच्या गावांत. पहिली गाडी शंभर सीसीची, कॉलेज संपल्यावर वडिलांनी घेऊन दिलेली. ती बाजारातल्या गर्दीतून वाट काढते आणि कुठल्याही बोळात मावते. दुसरी जडशीळ. ती चाळिसाव्या वर्षी मी केवळ हौसेखातर घेतली. माळशिरसला बहीण असते. तिच्याकडे जाताना मोकळा रस्ता लागला की ही गाडी अशी संथ, भरदार चालते की पोचूच नये असं वाटतं. तिच्यावर मी औषधांची पेटी कधी बांधली नाही.

तिसरी गाडी मात्र हौसेने आली नाही.

त्या वर्षी ज्वारीच्या पेरणीआधी पाऊस चांगला झाला होता. एका वस्तीवर नुकतीच व्यायलेली गाय आडवी पडली होती. कॅल्शियमची बाटली वेळेत शिरेतून गेली, तर अशी गाय बघता बघता उठून उभी राहते. मी शंभर सीसीची गाडी घेऊन निघाले. डांबरी रस्ता संपला आणि काळ्या रानाचा चिखल चाक आणि मडगार्डच्या मधे असा बसला की चाक फिरेचना. काठीने चिखल उकरायचा, दहा पावलं जायचं, पुन्हा उकरायचा. शेवटी गाडी तिथेच सोडून पेटी खांद्यावर घेतली आणि चालत गेले. पोचले तेव्हा गाय गेली होती. मालकाने मलाच पाय धुवायला पाणी दिलं. ते पाणी मला फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या गाड्या बघणाऱ्या उस्तादांकडे गेले. सगळं ऐकून ते म्हणाले, "मॅडम, काळ्या मातीत ही गाडी चालायची न्हाय. लग्नाला, देवळात आन् रानात तुमी एकच चप्पल घालता का?"

महिन्याभरात त्यांनी एक जुनी, उंच, हलकी गाडी शोधून काढली. पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर वर, टायरला चिखलात पकड घेणाऱ्या जाड गुट्ट्या. उभी करायची तर माझे फक्त चवडे टेकायचे. शहराबाहेरच्या माळावर रोज सकाळी मी ती शिकायला लागले आणि रोज पडले. गुडघे काळेनिळे झाले. मलम लावता लावता नवरा म्हणाला, "सोडून दे ना."

"पडायला आता जमतंय," मी म्हटलं. "उठायलाही जमेल."

पुढच्या वर्षी त्याच दिवसांत एका मेंढपाळाच्या बायकोचा सकाळी फोन आला. "डॉक्टरबाई, म्हैस अडलीया. येक पाय भाईर हाय, पर रेडकू काय येईना."

"रस्ता कसाय?"

"रस्ता कुटला वो! नुस्ता चिखुल हाय."

मी उंच गाडी काढली. हायवेवर ती नुसती थरथरते. मंगळवेढा येईपर्यंत हातांना मुंग्या आल्या. वस्तीच्या वाटेवर एक जीप निम्मी चिखलात बसली होती आणि चार-पाच जण तिला ढकलत होते. त्यातला एक म्हातारा हात आडवा करून म्हणाला, "बाई, माघारी जावा. हितनं पुडं काय बी जात न्हाय."

"माझी जाईल की," मी म्हटलं.

फूटरेस्टवर उभी राहिले आणि गाडी चिखलात घातली. मागचं चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं. ब्रेकला हात लावायचा नाही, खाली बघायचं नाही, जिथं जायचंय तिथंच बघायचं, हे माळावर पडून पडून अंगात भिनलं होतं. ओढ्याचा उतार उतरले, पाण्यातून निघाले आणि पलीकडची चढण चढले. मागून जीपवाल्यांची आरोळी ऐकू आली.

म्हैस दमून मान टाकून पडली होती. हात घालून बघितलं तर रेडकाचा दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मागे अडकलेला. कळ थांबली की रेडकू आत ढकलायचं, पाय चाचपायचा. पुन्हा कळ आली की थांबायचं. माझा दंड बधिर झाला. शेवटी खूर तळहातात धरून पाय वळवला, सरळ केला. दोन्ही पायांना दोरी बांधून मी आणि मेंढपाळाची बायको ओढायला लागलो.

रेडकू भसकन बाहेर आलं, पण श्वास नाही. नाकातोंडातला चिकट द्रव काढला, गवताच्या काडीने नाकात गुदगुल्या केल्या, छाती खसाखसा चोळली. एकदम ते शिंकलं.

"वगार हाय!" रेडकू मादी आहे हे बघून ती ओरडली. "वगार हाय वो, डॉक्टरबाई!" आणि मला तशीच मिठी मारली. माझे हात कोपराच्या वरपर्यंत माखलेले होते, ते मी बाजूला धरून उभी. म्हशीने मान उचलली आणि ती वगारीला चाटायला लागली.

गरम भाकरी आणि ठेचा खाऊन मी निघाले तेव्हा ऊन पडलं होतं. ओढ्यापाशी आले. उतरले, चढले आणि पलीकडे थांबले. मन काही भरलं नव्हतं. इकडेतिकडे बघितलं, जीपही निघून गेली होती, कोणी नव्हतं. गाडी वळवली आणि काहीही काम नसताना तो ओढा मी आणखी दोनदा पार केला, मोठमोठ्याने हसत.